लाइट आली की नाना चालतात

कारखान्यात पंख्याच्या पात्यांवर रुई साठते ना, तसे हे किस्से साठलेत. रोज थोडी थोडी उडून बसते. कुणी बघत नाही, कुणी झाडत नाही. मग एके दिवशी पंखा लावावा, तर सगळी डोक्यावर! आजारपणाचे किस्से तर जास्तच साठतात, कारण आजारी माणसाला दुसरं काम नसतं आणि घरच्यांना दुसरा विषय नसतो.

आमचा कारखाना म्हणजे भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीतली एक लांबट पत्र्याची शेड आणि तिच्यात जुने पॉवरलूम. मी डिप्लोमाचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून तिथं बसायला लागलो. का टाकलं ते विचारू नका. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे त्याचं वेगळं उत्तर आहे आणि एकही बरोबर नाही.

कारखान्याला एक ओटा होता. त्या ओट्यावर रोज सकाळी तीन म्हातारे ऊन खात बसायचे. तिघांना एकच आजार, पार्किन्सन. पण भावाभावांत जमीन वाटावी तशी त्या आजारानं तिघांत वाटणी केली होती.

एक माझे वडील, नाना. अंजूरचे आगरी, शेती गोडाउनवाल्यांना देऊन शहरात आलेले. त्यांचे हात शांत असायचे, पण पाय थिजायचे. उंबरठा आला की पाय जमिनीला चिकटलेच. दुसरे निजामपुऱ्याचे अन्सारी चाचा, नानांचे जुने दोस्त, आपला कारखाना मुलांवर सोपवून मोकळे झालेले. ते ताडताड चालायचे, पण उजवा हात सारखा थरथरायचा. त्या हाताची त्यांना भयंकर लाज. कायम कुर्त्याच्या खिशात कोंडलेला. लग्नात गेले तरी जेवायला बसायचे नाहीत, पोट बिघडलंय म्हणायचे. आणि तिसरे मास्तर, मला सातवीला होते. त्यांचा आवाज गेला होता. वर्गाच्या खिडक्या हलवणारा तो आवाज आता तोंडाजवळ कान नेला तरी ऐकू येईना.

जगात थोडाफार न्याय आहे असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

*

नानांना आधी ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नीट समजावलं, की मेंदूत एक रस बनायचा कमी झालाय, गोळ्या लागतील आणि त्या चालूच ठेवाव्या लागतील. नानांनी एकच विचारलं, "मरेन कं मी?"

डॉक्टर म्हणाले, यानं मरणार नाही, याच्यासोबत राहायचंय.

येताना रिक्षा केली. अंजूर फाटा गेल्यावर नाना बोलले, "र्‍हायचाच हाय तर त्यानं माज्या रीतीनं र्‍हावा. मी त्याच्या रीतीनं न्हाय र्‍हायचा."

गोळ्यांनी पाय सुटले, हे खरं. पण एका दुपारी मी हिशेबाच्या टेबलावरून मान वर केली, तर नाना दोन लूमच्या मधल्या बोळातून पाय गुडघ्यापर्यंत उचलत चालले होते. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे दांडे उतरलेले, त्यांत रुई तरंगतेय, आणि नाना एकेक पाऊल जपून टाकतायत, जणू बांधावरून शेतात उतरलेत. मी विचारलं, काय करतोयस?

"हलू बोल," ते म्हणाले. "भात पोटरीला आलाय."

त्यांना लूमच्या खाली भाताचं शेत दिसत होतं. वारा आला की कोणत्या बाजूला झुकतं, तेही सांगत होते. मी वेड्यासारखा खाली बघत राहिलो. फरशीवर पांढरी रुई हलत होती. खरं सांगतो, क्षणभर मीही पाय उचलला.

गोळ्यांमुळे कुणाकुणाला असं दिसतं. डॉक्टरांना सांगून डोस बदलता येतो. मी तेच बोंबलत होतो. पण आमच्या घरात मोठ्यांनी ठरवायचं आणि लहानांनी ऐकायचं. दुसऱ्या दिवशी नानांनी गोळ्यांची पाकिटं मोरीत टाकली. म्हणाले, "जी जमीन मी इकली ती मना परत दाखवते. खोटं भात दाखवनारी गोली मना नको."

आणि तिथून आमच्या ओट्यावर स्वदेशी उपचारांचं युग सुरू झालं.

*

तिळाच्या तेलाची मालिश झाली. तांब्याचं कडं झालं. आईनं गच्चीत डब्यांमध्ये गहू पेरले आणि त्या हिरव्या रसानं तिघांच्या मिश्या हिरव्या केल्या. मग एका वैद्यानं कवचबीजाचं चूर्ण दिलं. या आजारावर ते जुनं औषध आहे म्हणे.

नानांनी पुडी हुंगली आणि जाहीर केलं की दुकानातलं सगळं भेसळीचं. कवचबीज म्हणजे खाजकुहिलीच्या बिया, आणि खाजकुहिली तर अंजूरला गोडाउनच्या मागच्या कुंपणावर फुकट लोंबतेय! ज्या शेंगेला बोट लागलं तर माणूस दिवसभर खाजवतो, ती. शिकलेला माणूस हे करणार नाही, अडाणीही करणार नाही. हे फक्त शेती विकून शहरात आलेला शेतकरी करतो. त्याला झाड आठवतं आणि त्याची खोड विसरते.

नाना आणि चाचा रिक्षा करून गेले आणि वाळलेल्या शेंगांची गोणी घेऊन आले. हाताला फडकी गुंडाळून तोडलेल्या, म्हणजे शहाणपण होतं, पण तिथपर्यंतच. बिया काढायला गोणी कुठं रिकामी करावी? कारखान्यात, मोठ्या पंख्याखाली.

शेंगांवरची लव उडाली. सोनेरी, बारीक. उन्हात पांढऱ्या रुईत मिसळून ती सबंध शेडभर तरंगायला लागली. इतकं सुंदर दिसत होतं की कारीगर लूम चालवता चालवता वर बघायला लागले.

मग पहिल्यानं मान खाजवली. मग दुसऱ्यानं पाठ. एकेक लूम बंद पडत गेला. माणसं बनियन काढून गल्लीत पळाली, शेजारच्या तबेल्यातून शेण आणून अंगाला फासायला लागली. मास्तर धोतर सावरत काहीतरी ओरडत होते, पण आवाज नव्हता. नाना जागेवर थिजलेले, त्यामुळे बिचाऱ्यांना पळताही येईना, आई त्यांना खराट्यानं खाजवत होती. आणि त्या सगळ्या कल्लोळात अन्सारी चाचांचा उजवा हात खिशाबाहेर होता. थरथरतोय की खाजवतोय, कळायला मार्ग नव्हता, कारण गल्लीतल्या प्रत्येकाचा हात तसाच चालला होता.

चाचा शेणानं माखलेल्या तोंडानं हसत म्हणाले, "आज पहली बार मैं सब के जैसा दिख रहा हूँ."

संध्याकाळी हात पुन्हा खिशात गेला.

*

मग कुणीतरी हास्यक्लब सुचवला. तलावाकाठी सकाळी धुकं असायचं, पाणी आणि आकाश एकाच रंगाचं, आणि त्या धुक्यात पंधरा-वीस म्हातारे हात वर करून हा-हा-हा करायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, मेल्यानंतरचं जग असंच असेल.

क्लब चालवणारे एक बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ होते. त्यांना नानांचा राग यायचा. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, तोंड लाकडासारखं होतं, हे त्यांना कुठून माहीत असणार? सगळे खदखदतायत आणि नाना मात्र पोलीस स्टेशनात बसल्यासारखे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते समोर येऊन उभेच राहिले. काका, मनापासून हसा, इथं लाजायचं नाही.

नाना त्याच तोंडानं म्हणाले, "मघापासून हसतोय. तुमच्यावरच."

चाचांनी नंतर त्या गृहस्थांना बाजूला घेऊन समजावलं, "शटर डाउन है, साहब. अंदर माल पूरा है."

तेव्हापासून मी नानांच्या तोंडाकडे बघणं सोडलं. पोटाकडे बघायला लागलो. जेवताना आईनं माझ्या काकूची नक्कल केली की तोंड तसंच राहायचं आणि सदऱ्याची बटणं हलायची. इतकी वर्षं हा माणूस माझ्यावर सदा खवळलेला असतो असं मी धरून चाललो होतो. बटणं कधी बघितलीच नव्हती.

*

पाय का थिजतात आणि कशानं सुटतात, ते कुठल्याच उपचारानं सांगितलं नाही. ते लूमनं सांगितलं.

आमचं घर गल्लीच्या एका टोकाला आणि कारखाना दुसऱ्या टोकाच्या जरा अलीकडे. घरात नाना स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी उभे राहिले की दूध उतू जाऊन पातेलं करपलं तरी उभेच. पण कारखान्यात, लूम खटाखट चालू असताना, ते लग्नाला निघाल्यासारखे चालायचे. त्या आवाजाच्या एका ठोक्याला डावा पाय, दुसऱ्याला उजवा. पुढे डॉक्टरही म्हणाले, ठोक्यावर चालणं अशा माणसांना जमतं. पण त्याआधी चाचांनी ते ओळखलं होतं. गल्लीत तेव्हा आमच्यासारखे बरेच कारखाने होते, त्यामुळे सकाळची शिफ्ट सुरू झाली की नाना घरातून निघायचे आणि आवाजावर तरंगत ओट्यापर्यंत यायचे.

ते दिवस लोडशेडिंगचे. लाइट जायची वेळ ठरलेली, पण ती ठरलेल्या वेळी गेली तर भिवंडी कसली!

एका सकाळी नाना गल्लीच्या बरोबर मध्यावर असताना लाइट गेली. सगळे लूम एकदम गप्प. नानांचा एक पाय पुढे, एक मागे, आणि तसेच उभे. गल्ली एका रिक्षापुरती. मागे शेअर रिक्षा आली, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे सुताची बाचकी घेतलेला टेंपो. हॉर्नवर हॉर्न. मी धावत जाऊन दंड धरला, तर नाना पुटपुटले, "वढू नको रं, पडेन."

चाचा ओट्यावरून उतरले, डावा हात वर करून रिक्षावाल्याला म्हणाले, "भाई, ये हॉर्न से नहीं चलता. लाइट से चलता है."

रिक्षावाल्याला वाटलं, मस्करी. मग त्यानं नानांकडे नीट बघितलं आणि इंजिन बंद केलं. मागच्यानंही केलं. टेंपोवाल्यानंही.

मी जन्मापासून त्या गल्लीत आहे, पण अशी शांतता त्यापूर्वी ऐकली नव्हती. पत्र्यावर कबुतरांच्या नख्या वाजत होत्या. कुणाच्या तरी घरात कुकरची शिटी झाली. खाडीकडचा वारा आला, त्याला चिखलाचा वास होता. उघड्या दारांमधून रुई बाहेर आली आणि हळूहळू खाली बसत राहिली, रिक्षांच्या टपांवर, नानांच्या खांद्यांवर. रिक्षातली एक बाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन शेंगा सोलायला लागली. कुणाला कुठं जायचं आहे, हे सगळेच विसरल्यासारखे झाले होते.

मग बल्ब लागले. एक लूम वाजला, दुसरा वाजला, गल्ली वाजायला लागली आणि नानांचा मागचा पाय उचलला गेला. ओट्यापर्यंत नाना पुढे आणि दोन रिक्षा, एक टेंपो त्यांच्या चालीनं मागे.

जाता जाता रिक्षावाल्यानं चाचांना विचारलं, "चाचा, कल ये कितने बजे निकलेंगे?"

*

मास्तरांचा उपचार सगळ्यांत स्वस्त होता. तो मी होतो.

त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की आवाज टिकवायचा तर रोज मोठ्यानं बोलायचं, पोटातून. मास्तरांनी स्तोत्रं म्हणून बघितली, पाढे म्हणून बघितले. ओठ हलायचे, बाहेर वाफ. मग एकदा आई मला कॉलेजचं काहीतरी विचारत होती आणि मी म्हटलं, ते शिक्षण मला चुलीत घालायचंय. ओट्यावरून डरकाळी आली, "गाढवा!"

ती नाक्यापर्यंत गेली असणार. पानवाला बाहेर येऊन बघायला लागला. मास्तर स्वतःच दचकले.

झालं. रोज चहानंतर मला समोर बसवायचे आणि मास्तर माझा उद्धार करायचे. माझा आळस, माझे केस, माझी सातवीतली वही, सगळं निघायचं. आवाज खणखणीत. नाना शेजारी बसून लक्ष ठेवायचे, "आज बारीक येतोय. दिन्या, काय तरी बोल त्याला." की मी म्हणायचो, मास्तर, तुम्ही आम्हाला शिकवलंत काय, तर फळ्यावरचं उतरवून घ्यायला. की पुन्हा डरकाळी.

मला म्हाताऱ्यांचा राग येतो तो उगीच नाही. आयुष्यभर दुसऱ्याला कमी लेखून त्यांनी आवाज कमावलेला असतो. पण तो जाताना ऐकवत नाही, हेही खरं.

एकदा माझं मन जरा ढिलं होतं. मी म्हटलं, मास्तर, विचार करतोय, पुन्हा ॲडमिशन घ्यावी.

मास्तरांचे डोळे भरले. काहीतरी बोलले, पण ऐकूच येईना. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी नानांनी मला झापलं, "कशाला बोललास तसं? त्याचं औषध संपवलंस."

मी मास्तरांच्या समोर जाऊन सांगितलं की विचार बदलला. तासाभरात माणूस पूर्ववत.

*

गोळ्या सोडल्याचं फळ मिळायचं ते मिळालंच. नाना मोरीत पडले, कपाळाला टाके पडले. मी काही न बोलता त्यांना पुन्हा ठाण्याला नेलं. न बोलता म्हणजे घरापासून नाक्यापर्यंत. पुढे सगळं बोललो.

डॉक्टरांनी विचारलं, सध्या काय काय घेता? नानांनी अभिमानानं पाढा वाचला. तेल, ऊन, हिरवा रस, टीव्हीवर बघून श्वासाचे व्यायाम, चालणं आणि खाजकुहिलीच्या बिया, स्वतः तोडलेल्या. डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, त्या बियांमध्ये जे आहे तेच माझ्या गोळीत आहे.

नानांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा लाकडी, बटणं हलत होती.

"म्हंजे मी गोली सोडलीच न्हवती."

डॉक्टर म्हणाले, सोडली होतीत, म्हणून तर टाके पडले. बीमधून पोटात किती जातं याचा पत्ता नसतो. एक दिवस कमी, एक दिवस जास्त. चाला, तेल लावा, उन्हात बसा, व्यायाम करा, हे सगळं चांगलंच आहे. पण गोळी माझ्या हिशेबानं घ्यायची, बिया बंद, आणि मला न विचारता काही सोडायचं नाही, काही धरायचं नाही. डोसही कमी करून दिला. पुन्हा शेत वगैरे दिसलं तर मला लगेच सांगा, म्हणाले.

नाना उठता उठता बोलले, "तुमाला सांगून काय करू? कापनीला येनार हाव काय?"

डॉक्टर हसले. म्हणाले, बोलवा, येतो. नानांना ते आवडलं असावं. त्यानंतर गोळी कधी चुकली नाही. पण गल्लीभर मात्र हेच सांगत फिरले, की डॉक्टरनं शेवटी आपलंच औषध मान्य केलं.

*

इकडे गल्लीतले कारखाने एकेक करून बंद पडत चालले. लूम भंगारात, शेडची गोडाउनं. शेवटी आमचाच तेवढा वाजत राहिला. नानांची चाल आता त्याच एका आवाजावर होती. घराकडून येताना पहिला अर्धा रस्ता फार कष्टानं, मग आवाज पुरेसा जवळ आला की सुटका.

मग बाळूकाका आले. नानांचे धाकटे भाऊ, कारखान्यात अर्धे भागीदार, अंजूरची गोडाउनं बघतात. लूम जुने झाले, धंद्यात राम नाही, शेड भाड्यानं जाईल, असं त्यांनी पाटावर बसून, मासळीचा काटा काढत सांगितलं. खोटं नव्हतं. नानाही हो म्हणाले. "लूमचा पन जीव दमलाय," एवढंच बोलले.

मी म्हटलं, काका, ते लूम नाहीत, नानांचे पाय आहेत. ते गेले की हा माणूस त्या उंबरठ्यात उभ्याचा उभा राहील, आणि मग तुम्ही सगळे त्याला उचलून पलंगावर ठेवाल, आणि मग तो तिथून उठणार नाही.

काका म्हणाले, "आवाजच पायजे ना? टेप कर की."

आमच्या मोठ्या माणसांच्या अकलेची ही झेप. पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी टाळ्या वाजवून बघितल्या होत्या, एक-दोन एक-दोन मोजून बघितलं होतं, फरशीवर पट्ट्याही मारल्या होत्या. थोडं जमायचं, मग अडायचं. म्हणून टेपरेकॉर्डर आणला, शिफ्ट चालू असताना कॅसेट भरली आणि घरी लावली. नाना स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी उभे होते. मान तिरकी करून ऐकायला लागले. डोळे मिटले. मला वाटलं, आता पाय उचलणार.

"तिसऱ्या लूमचा पट्टा ढिला झालाय," ते म्हणाले. "आवळायला जॉबरला बोलाव."

मी आवाज वाढवला. पाय हलेना.

"बंद कर," नाना म्हणाले. "हा होऊन गेलेला आवाज हाय, दिन्या. मना होनारा पायजे."

*

लूम निघाले त्या सकाळी भंगारवाल्याची माणसं घण घेऊन आली. बिडाचा लूम घणानं फोडतात, मग तुकडे टेंपोत. नाना हट्टानं आले होते, माझ्या आधारानं, गल्लीभर थांबत थांबत. आत मागच्या भिंतीशी स्टुलावर बसून त्यांनी सगळं बघितलं. चाचा आणि मास्तर बाहेर ओट्यावर. घणाच्या आवाजाला ताल नसतो.

दुपारी टेंपो गेला. शेड रिकामी झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दारातलं ऊन थेट मागच्या भिंतीपर्यंत पोहोचलं. आणि त्या उन्हात सगळी रुई वर उठली होती, भिंतींतली, पत्र्यातली, पंख्यावरची, आणि खाली बसायला तिला काही उरलं नव्हतं, म्हणून तशीच तरंगत होती. त्या पांढऱ्या धुक्यातून नाना चालत आले. सावकाश, रिकाम्या फरशीवर, कदाचित अजून त्यांना लूम जागेवर दिसत असतील. दारापर्यंत आले. दाराला लोखंडी पट्टीचा उंबरठा. तिथं थिजले.

बाळूकाका बाहेरून म्हणाले, चल दादा, जेवायला थांबलेत. नाना उभे. मी टाळ्या वाजवल्या. उभे. मास्तर पुढे आले आणि डावा-उजवा ओरडायला गेले, तर नेमकी वाफच निघाली. काका मला म्हणाले, दोन बाजूंनी धरू, उचलूनच नेऊ.

"हात लावू नको," नाना म्हणाले. इतक्या हळू, की तो हुकूम आहे हे काकांना कळलंच नाही. ते बाह्या सरसावायला लागले.

तेव्हा अन्सारी चाचा ओट्यावरून उठले. दाराशी एक धोटा पडला होता, लूममध्ये सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो. लाकडाचा म्हणून भंगारवाल्यानं टाकून दिलेला. चाचांनी उजवा हात खिशातून काढला. बारीक, पांढरा पडलेला हात. भर दुपारी, काकांसमोर, गल्लीसमोर. तो हात लटलटत होता. वाकून त्यांनी त्याच हातानं धोटा उचलला, दाराच्या पत्र्याला टेकवला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

खट-खट-खट-खट.

पत्रा घुमला. सबंध रिकामी शेड घुमली. चाचा काहीच करत नव्हते. थांबवायचं म्हटलं असतं तरी त्यांना ते थांबवता आलं नसतं.

नानांनी मान तिरकी केली. ऐकलं. मला वाटलं, आता खोड काढणार.

"अन्सारी," ते म्हणाले, "तुजा लूम जरा घाईत चालतो."

"नया है," चाचा म्हणाले.

नानांचा पाय उचलला. पट्टी ओलांडली. दुसराही ओलांडला. बारीक, भराभर पावलं, ड्युटीला उशीर झाल्यासारखी. चाचा शेजारून चालायला लागले आणि धोटा भिंतीला लावत गेले. आमचा पत्रा संपला, पुढच्याचा लागला, मग बंद शटर, मग विजेचा खांब, मग पुन्हा पत्रा. प्रत्येकाचा आवाज वेगळा, ठोका तोच. दोघांच्या खांद्यांवर रुई होती.

काका ओरडले, "दादा, घर इकडं! जेवायचं हाय!"

नानांनी मागं वळून बघितलं नाही. "तुमी जेवा," म्हणाले. "आमची शिफ्ट आता चालू झाली."

घर गल्लीच्या डाव्या टोकाला होतं. ते दोघं उजवीकडे गेले.